खुलासा: टाळेबंदीत निम्मा पगार मिळतोच, असं नाही

‘गेटवर टाळेबंदीची नोटीस लागली तरी ले-ऑफप्रमाणे निम्मा पगार मिळतोच’ असा मेसेज फिरतोय. मूळ मेसेज माझाच, आणि तो चुकीचा आहे.

ले-ऑफ म्हणजे मालकाला काम देता येत नाही: वीज नाही, कच्चा माल नाही, मशीन बंद पडलं. तेव्हा पात्र कामगाराला मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या ५० टक्के मिळतात. टाळेबंदी म्हणजे वाद चालू असताना मालक स्वतःहून काम नाकारतो. निलगिरीतल्या कैरबेट्टा इस्टेटमध्ये १९५७ साली मॅनेजरवर हल्ला झाला, मालकाने एक विभाग बंद ठेवला. कामगारांनी ले-ऑफची भरपाई मागितली. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने (निकाल आपल्या साताऱ्याच्या न्या. गजेंद्रगडकरांचा) ही टाळेबंदी ठरवून भरपाई नाकारली. मी हा निकाल आत्ता नीट वाचला. आधी वाचायला हवा होता.

पण टाळेबंदी बेकायदा किंवा असमर्थनीय ठरली तर पगार मिळू शकतो, त्यामुळे हक्क सोडून देऊ नका. टाळेबंदीने नोकरीही आपोआप जात नाही. ‘हिशेब घ्या’ म्हणून सही मागितली, तर आधी युनियनला कागद दाखवा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा टाका.