विहीर भरली, पण कशामुळे?

दादा, जलयुक्त शिवारवरच्या माझ्या लेखात ‘पैसे पाण्यात गेले’ असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘एसीत बसून जलयुक्त शिवारला नावं ठेवणं सोपं असतं. २०१६ला आमच्या गावच्या विहिरी तुडुंब भरल्या, त्या कॅगला दिसत नाहीत,’ असं तुम्ही सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगबद्दल लिहिलंय. (एसी नाही माझ्याकडे, पण ते असो.) विहिरी भरल्या, हे मान्यच. कशामुळे भरल्या, एवढंच मला विचारायचंय.

जलयुक्त शिवार म्हणजे नाले खोल करून, बांध घालून गावातच पाणी अडवायचं-जिरवायचं राज्य सरकारचं अभियान. ते सुरू झालं डिसेंबर २०१४ मध्ये. २०१४ आणि २०१५ दोन्ही साली दुष्काळ, आणि २०१६च्या सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यात पावसाने नुसती झोड उठवली. नाल्यात जेसीबी गेलाच नाही अशा गावांतल्या विहिरीही त्या साली भरल्या. त्यात निवड टंचाईच्या गावांची. सगळ्यात वाईट वर्षाशी तुलना केली की कुठलंही काम छानच दिसणार. म्हणून जोडीला शेजारचं, तेवढाच पाऊस आणि तसाच खडक असलेलं, पण काम न झालेलं गाव लागतं. तेही ऑक्टोबरात नाही, मार्च-मेमध्ये बघायचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, तेव्हा नोंदी आहेत.

कॅगबद्दल मात्र तुमचं अर्धं म्हणणं मला पटलं. सुमारे ९,६०० कोटी खर्चूनही भूजल पातळीवर फारसा परिणाम नाही, असं कॅगने २०२०मध्ये सहा जिल्ह्यांतली १२० गावं तपासून म्हटलं. पण २०१८लाही पाऊस कमीच होता. चांगल्या पावसाचं श्रेय अभियानाला द्यायचं नसेल, तर वाईट पावसाचं खापरही त्याच्यावर फोडता येणार नाही.

शिवाय पातळी म्हणजे सगळं नव्हे. आमच्या मामाच्या शेतालगत नाला खोलीकरण झालं. पुढच्या एप्रिलमध्ये दोरीला दगड बांधून त्याच्या विहिरीत सोडला, तर पाणी पूर्वीइतकंच खाली. मी म्हटलं, काम फसलं. मामा हसला आणि गव्हाची पोती दाखवली. आधी सोयाबीन काढली की रान मोकळंच पडायचं. वाढलेलं पाणी गव्हाने पिऊन टाकलं होतं! त्यामुळे पातळीसोबत रब्बीचा पेराही मोजायला हवा.

तेव्हा लेखातलं ‘पैसे पाण्यात गेले’ हे वाक्य मी मागे घेतो, ते आज काढून टाकतोय. पण ‘अभियान यशस्वी’ असंही लिहिणार नाही. तुमच्या आणि शेजारच्या गावच्या २०१३ पासूनच्या मार्चच्या पातळ्या आणि रब्बीचा पेरा मिळाला तर पाठवा, दोन्ही शेजारी-शेजारी लावून इथेच टाकतो.