मत चालतं, मग माणूस का चालत नाही?

२०२४ ला लोकसभेला आणि विधानसभेलाही ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय होती. १२ ड नमुना वेळेत भरला की पथक दारात. ज्याला अंथरुणावरून उठवत नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण आमच्या खान्देशात तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतं, "तू कसाले येस भाऊ, आम्ही शेतस ना!" म्हणजे, गावच्या बैठकीला तू कशाला येतोस, आम्ही आहोत ना. मायेनंच म्हणतात. मला मात्र ते टोचतं.

गावाचं राजकारण मतपेटीत कमी आणि पारावर, पुढाऱ्याच्या ओट्यावर, ग्रामसभेत जास्त ठरतं. आमची ग्रामसभा माडीवर भरते. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), काखेत कुबडी घेऊन मी वर पोचतो तोवर खाली सह्यांचं रजिस्टर फिरायला लागलेलं असतं. व्हीलचेअरवाल्याने तर नावच काढू नये.

शाळेतल्या मतदान केंद्राला रॅम्प आहे. नियमाने एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आमचा ओटा दोन फुटी आणि रॅम्प जेमतेम सहा फूट! मागून दोघांनी रेटल्याशिवाय खुर्ची चढत नाही, उतरताना तर जीव मुठीत. बांधताना एकाही दिव्यांगाला विचारलं असतं तरी हे टळलं असतं.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. तो खर्च कशावर, हे ठरवताना आम्ही खोलीत नसतो. नंतर फोटोला तेवढं बोलावतात. आम्ही लाभार्थी म्हणून चालतो, सदस्य म्हणून नाही.

क्षमतेचा प्रश्न काढू नका. साधन गुप्ता अंध होते, १९५३ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. पोलिओ झालेले जयपाल रेड्डी कुबड्या घेऊन केंद्रात मंत्री झाले. आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांवर दिव्यांगांच्या नेमणुकीचा कायदाच केला. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, मग ही पायरी का चढत नाही?

मी भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे, लेखी अर्ज दिलाय: पुढची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात घ्या, आणि ५ टक्क्यांचा हिशेब तिथे वाचून दाखवा. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या दिव्यांग मित्रांनो, तुम्हीही द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. मजकूर हवा असेल तर इनबॉक्सला या.