बुलडॉगला मुंबईचा उकाडा सोसतो, हे कोणी ठरवले?

‘मुंबईच्या फ्लॅटसाठी आदर्श कुत्रा : इंग्लिश बुलडॉग’ असा एक संदेश सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. मुलुंडला राहणारी माझी धाकटी बहीण तो वाचून पिल्लाचे बुकिंग करायला निघाली, म्हणून त्यातील विधानांना उत्तर देणे भाग पडले.

केस आखूड असल्यामुळे बुलडॉगला उकाड्याचा त्रास होत नाही, हे त्यातील सर्वांत घातक विधान. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडून जातो आणि त्यातून त्याचे अंग थंड होते. बुलडॉगचे तोंड मात्र माणसानेच पिढ्यान्पिढ्या निवड करून इतके चपटे केले आहे की अरुंद नाकपुड्या, टाळूचा लांबलेला मऊ भाग आणि बारीक श्वासनलिका हे अनेक बुलडॉगांच्या नशिबी जन्मतःच येते. त्यातच मुंबईची हवा दमट, त्यामुळे ओलावा उडण्याचा वेगही मंदावतो. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात त्याला भर दुपारी खाली फिरवणे म्हणजे उष्माघात ओढवून घेणे आहे, मग केस कितीही आखूड असोत.

‘घोरणे हे उत्तम प्रकृतीचे लक्षण’ हे वाक्य लिहिणाऱ्याने जागेपणीही घरघरणारा बुलडॉग पाहिलेला नसावा. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील २,६६२ इंग्लिश बुलडॉगांची तुलना इतर २२,०३९ कुत्र्यांशी केली आहे. चपट्या तोंडामुळे होणाऱ्या श्वासरोधाचा धोका बुलडॉगमध्ये १९ पट आढळला. आठ वर्षांहून अधिक वयाचे कुत्रे इतरांमध्ये २५.४ टक्के होते, बुलडॉगांमध्ये अवघे ९.७ टक्के. त्वचेच्या घड्यांमधील दाहाचा धोका तर ३८ पट निघाला. त्यामुळे ‘निगा राखावी लागत नाही’ या दाव्यावर वेगळे काही लिहिण्याची गरज नाही. त्या घड्या नियमितपणे पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात, आणि पावसाळ्यात तर अधिकच.

स्वभावाविषयी संदेशात लिहिलेले बरेचसे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. बुलडॉग बहुधा शांत असतो, मुलांमध्ये रमतो आणि उगाच भुंकत नाही. त्याला फार फिरवावे लागत नाही, हेही अर्धे खरे. परंतु मुळीच न फिरवल्यास पंचवीस किलोंच्या आसपासचे ते शरीर लठ्ठ होते आणि अडखळणारा श्वास आणखी अडतो.

‘मादी घ्या, पिल्ले विकून पैसे वसूल होतील’ हा सल्ला मात्र संतापजनक आहे. पिल्लांची डोकी मोठी आणि मादीचा कटिभाग अरुंद असल्याने या जातीत बहुतेक प्रसूती शस्त्रक्रियेनेच कराव्या लागतात. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला भूल देणे हीच मुळात जोखीम असते. त्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्या मादीचे हाल संदेशातल्या हिशेबात कुठेही धरलेले नाहीत.