बायोनिक हात लावला की बाई ‘सुपरवुमन’ होते? या फॉरवर्डमधला एकेक दावा तपासून

एका बाजूला पडद्यावरची यंत्राचा हात असलेली नायिका, दुसऱ्या बाजूला खराखुरा बायोनिक हात लावलेली तरुणी, असा जोडफोटो आणि खाली मजकूर. तो थोड्याफार फरकाने असा असतो: कृत्रिम हाताची ताकद माणसाच्या दहापट असते, मनात आणलं की तो हलतो, कृत्रिम पाय आता खऱ्या पायापेक्षा सरस झालेत, ब्लेडवर धावणाऱ्यांना इतरांपेक्षा फायदाच होतो, या स्त्रिया एवढ्या कणखर दिसतात त्या यंत्रामुळे, म्हणून हात-पाय गेला तरी आता घाबरायचं कारण नाही.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या घरात नुकतंच कुणाचं ॲम्प्युटेशन झालंय, म्हणजे हात किंवा पाय कापावा लागलाय, तिथे हा मजकूर पोचला की अपेक्षा भलतीकडेच जातात. घरचे कर्ज काढून महागडा हात घेतात आणि काही महिन्यांत तो कपाटात जाऊन पडतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

दहापट ताकद

ही कल्पना टीव्हीवरून आली. 1976 साली अमेरिकेत ‘द बायोनिक वुमन’ ही मालिका सुरू झाली. लिंडसे वॅग्नरने साकारलेली जेमी सॉमर्स पॅराशूटच्या अपघातात जबर जखमी होते आणि तिला दोन्ही पाय, उजवा हात आणि उजवा कान बायोनिक बसवले जातात. एका स्त्रीला मध्यवर्ती ठेवून केलेली ही मालिका त्या काळात मोठी गोष्ट होती, यात वाद नाही. पण त्यातली ताकद शरीरशास्त्रात बसत नाही. हाताने गाडी उचलायची तर तो भार खांद्यावर, गळपट्टीच्या हाडावर आणि तिथून मणक्यावर येतो, आणि तो सगळा भाग हाडामांसाचाच राहिलेला असतो. हात कितीही पोलादी असला तरी आधी खांदा निखळेल.

प्रत्यक्षातले आकडे उलटेच आहेत. बाजारातल्या बऱ्याच बायोनिक हातांची मूठ 100 ते 140 न्यूटन जोराने आवळते, म्हणजे साधारण 10 ते 14 किलो. काहींची त्याहूनही कमी. धडधाकट प्रौढ स्त्रीची पकड साधारण 20 ते 30 किलोची असते. म्हणजे दहापट सोडाच, निम्मी.

शिवाय उचलायची ताकद मोटरवर नाही, सॉकेटवर ठरते, म्हणजे उरलेला हात ज्यात घालतात त्या साच्यावर. कोपराखाली हात गेला असेल तर सॉकेट कोपराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांवर अडकवलेलं असतं. पाण्याने भरलेली बारा लिटरची बादली बायोनिक हाताने उचलली की मूठ सुटत नाही, पण सॉकेट खाली ओढलं जातं, कातडी ताणली जाते आणि इलेक्ट्रोड, म्हणजे स्नायूंचा सिग्नल पकडणाऱ्या पट्ट्या, जागचे सरकतात. मग मूठ उघडायला सांगितली तरी उघडत नाही. बादली दुसऱ्या हाताने उचलावी, कृत्रिम हाताने नुसता आधार द्यावा, हेच शिकवलं जातं.

शेतात, गोठ्यात किंवा पाण्याचं काम असेल तर केबलवर चालणारा साधा हुक अजूनही जास्त उपयोगी ठरतो. खांदा पुढे नेला की केबल ताणली जाते आणि हुक उघडतो, सैल सोडली की रबर बँड तो मिटवतात. एका बँडने पकड साधारण अर्धा किलोने वाढते, त्यामुळे कामाप्रमाणे बँड वाढवता येतात. केबलच्या ताणावरून हुक किती उघडलाय हे खांद्याला कळतंही. दिसायला तो हातासारखा नाही, म्हणून मुलींना तो दाखवलाही जात नाही. हे चूक आहे. दोन्ही दाखवावेत आणि निवड तिला करू द्यावी.

कानाचंही तेच. जेमीला लांबची कुजबुज ऐकू येते. खऱ्या कॉक्लियर इम्प्लांटमध्ये, म्हणजे कानाच्या आत बसवायच्या श्रवणयंत्रात, 12 ते 22 इलेक्ट्रोड असतात. निरोगी कानात आतल्या केसपेशीच साडेतीन हजारांच्या आसपास असतात. एवढ्या थोड्या वाटांनी आलेल्या आवाजातून शब्द ओळखायला मेंदूला शिकवावं लागतं. वारंवार मॅपिंग (प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी त्या माणसाला जुळवणं) आणि महिनोन्महिने स्पीच थेरपी झाली नाही, तर शस्त्रक्रिया होऊनही बोलणं समजत नाही.

मनात आणलं की हलतो

विचार वाचणारं काहीही या हातात नसतं. सॉकेटच्या आत, कातडीला टेकलेले सहसा दोन इलेक्ट्रोड असतात. मनगट आत वळवणारे स्नायू आवळले की एका इलेक्ट्रोडला सिग्नल मिळतो आणि मूठ मिटते. मनगट मागे नेणारे स्नायू आवळले की दुसऱ्याला मिळतो आणि मूठ उघडते. हा सिग्नल मिलिव्होल्टच्या काही भागांइतका क्षीण असतो. पकड बदलायची, म्हणजे पूर्ण मुठीऐवजी चिमूट करायची, तर दोन्ही स्नायू एकदम आणि क्षणभरच आवळावे लागतात. मनगट शिल्लक नसताना त्याचे स्नायू वेगवेगळे आवळता येणं ही सवयीची गोष्ट आहे. ती हात बसवण्याच्या आधी, संगणकाच्या पडद्यावर सिग्नल बघत, शिकून घ्यावी लागते. हे प्रशिक्षण न देता कुणी हात विकत असेल तर घेऊ नका.

बिघडतं कुठे? घामाने सिग्नल बदलतो आणि मूठ आपोआप मिटते किंवा दादच देत नाही. स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला भाग, बारीक झाला की इलेक्ट्रोड कातडीपासून सुटतो. आणि या हाताला स्पर्श नाही. पिकलेला टोमॅटो धरताना तो किती दाबला जातोय हे डोळ्यांनी बघावं लागतं; नजर दुसरीकडे गेली की चिरडला. वरचा पीव्हीसीचा हातमोजा हळदीने पिवळा पडतो आणि तो डाग जात नाही. सिलिकॉनचा मोजा डाग कमी धरतो, पण सुरीचं टोक लागलं की फाटतो. स्वयंपाक करणारीने मोजा निवडताना हे आधी विचारावं, आणि जादा मोज्याची किंमतही.

स्त्रियांच्या बाबतीत मापाचा प्रश्न वेगळाच आहे. बोटं स्वतंत्र हलणारे हात बरीच वर्षं मोठ्या मापातच मिळत. लहान मापं नंतर आली. हात साधारण 400 ते 600 ग्रॅमचा असतो. खऱ्या हाताचं वजनही काही कमी नसतं, पण ते हाडांना आणि स्नायूंना जोडलेलं असतं. इथे तेवढं वजन कातडीवर, सॉकेटच्या टोकाला लोंबतं. बारीक अंगाच्या मुलीचा खांदा दुपारपर्यंत दुखू लागतो.

‘मनाने हलणाऱ्या’ हाताची जी उदाहरणं फिरतात, ती खरी आहेत, पण त्यामागचं काम सांगितलं जात नाही. क्लॉडिया मिचेल ही अमेरिकेच्या मरीन दलातली माजी सैनिक. 2004 च्या मोटारसायकल अपघातात तिचा डावा हात खांद्यापासून गेला. शिकागोत टॉड कुइकेन यांच्या चमूने हाताच्या उरलेल्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्या. नसा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, त्यामुळे स्नायू दाद देईपर्यंत महिने जातात. त्यानंतर ‘मूठ मिटायची’ असं तिने ठरवलं की छातीचा स्नायू आवळायचा आणि तिथला इलेक्ट्रोड तो सिग्नल पकडायचा. मानेखाली लुळी पडलेली आणि मेंदूत थेट इलेक्ट्रोड बसवलेली जॅन शॉयरमन हिने 2012 मध्ये पिट्सबर्गमध्ये यंत्राच्या हाताने चॉकलेट तोंडाशी नेलं. तो हात तिच्या अंगाला जोडलेला नव्हता, प्रयोगशाळेत स्टँडवर होता आणि तिच्या डोक्याला वायरी होत्या. 2014 मध्ये ते इलेक्ट्रोड काढून घेण्यात आले.

कृत्रिम पाय खऱ्यापेक्षा सरस

गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला त्याच वेगाने चालायला साधारण वीस-पंचवीस टक्के जास्त शक्ती लागते. गुडघ्याच्या वर गेला असेल तर साठ टक्के किंवा त्याहून जास्त. मायक्रोप्रोसेसर असलेला गुडघाही ढकलत नाही. तो पाय कुठल्या कोनात आहे हे सेकंदाला कितीतरी वेळा मोजतो आणि हायड्रॉलिकचा अडसर कमी-जास्त करतो, म्हणजे अडखळल्यावर गुडघा एकदम दुमडत नाही. पडणं टळतं, हा फार मोठा फायदा आहे. पण जिना चढायची ताकद कंबरेतून आणि मांडीतूनच येते. मोटर असलेले गुडघे आहेत. ते जड आहेत, महाग आहेत आणि रोज चार्ज करावे लागतात.

आणि सगळा पैसा गुडघ्यावर किंवा पावलावर घातला, तरी सॉकेट नीट नसेल तर तो पाय घालता येत नाही. स्टंपचा प्लास्टरने साचा घेतात, त्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती करतात. मग ती तासतात: गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर भार चालतो, म्हणून तिथलं प्लास्टर काढतात, नडगीच्या धारेवर आणि बाहेरच्या हाडाच्या डोक्यावर भार चालत नाही, म्हणून तिथे प्लास्टर चढवतात. त्यावर आधी पारदर्शक चाचणी-सॉकेट करतात. उभं केल्यावर कातडी कुठे पांढरी पडते ते त्यातून दिसतं. ही पायरी वगळून थेट पक्कं सॉकेट देणाऱ्याकडे जाऊ नये.

पहिलं वर्ष-दीड वर्ष स्टंप आटत जातो. दिवसभरातही थोडा आटतो. सॉकेट सैल झालं की स्टंप खाली घसरतो आणि टोक तळाला टेकून जखम होते. त्यासाठी एक, तीन, पाच पदरी मोजे मिळतात; दुपारी एक मोजा वाढवायचा. दहा-पंधरा पदर लागू लागले तर सॉकेट बदलायची वेळ आली. पाळीच्या आधी अंगाला सूज येणाऱ्या काहीजणींना त्या दिवसांत सॉकेट घट्ट होतं, गरोदरपणात तर हमखास. हे आधी सांगितलेलं नसलं की बाईला वाटतं आपलंच काही चुकतंय. पाय काढल्यावर लालसर डाग वीस मिनिटांत गेला तर ठीक. तसाच राहिला तर त्या दिवशी पाय परत घालायचा नाही आणि सॉकेट दुरुस्त करून घ्यायचं.

टाचेची उंची हा मुद्दा जवळजवळ कुणीच सांगत नाही. कृत्रिम पाऊल एका ठराविक टाचेसाठी जुळवलेलं असतं. समजा एक सेंटिमीटरच्या चपलेसाठी जुळवलंय आणि घरात आल्यावर अनवाणी चाललं, तर नडगी मागे झुकते, गुडघा मागे ढकलला जातो आणि काही महिन्यांत दुखू लागतो. लग्नासाठी उंच टाच घातली तर उलट: नडगी पुढे झुकते आणि गुडघा लटपटतो. घरात वेगळी सपाट चप्पल ठेवणं, नाहीतर टाच बदलता येणारं पाऊल घेणं, हे दोनच उपाय. जयपूर फूट याच गरजेतून झालं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी रबर आणि लाकूड वापरून ते घडवलं. ते अनवाणी चालतं, चिखलात चालतं, उकिडवं बसायला वळतं.

ब्लेडवाल्यांना फायदाच

धावताना पावलाऐवजी लावतात ते कार्बन फायबरचं वाकडं ब्लेड ही स्प्रिंग आहे. दाबताना जेवढी शक्ती घातली त्याहून कमीच परत मिळते. पोटरीचा स्नायू स्वतः शक्ती निर्माण करतो. ब्लेड करत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काही पावलांत ब्लेडवाला धावपटू मागेच राहतो. दोन्ही पाय नसलेल्यांच्या बाबतीत मात्र ब्लेड किती लांब असावं हा वाद खरा आहे. 2008 मध्ये क्रीडा लवादाने अशाच एका धावपटूला, ऑस्कर पिस्टोरियसला, धडधाकट धावपटूंसोबत धावायची परवानगी दिली, आणि 2020 मध्ये ब्लेक लीपरला त्याच्या ब्लेडने मिळणाऱ्या उंचीमुळे नाकारली. दोन निकाल वेगळे आहेत, कारण दोन शरीरं आणि दोन जोड्या वेगळ्या होत्या.

कणखर दिसतात त्या यंत्रामुळे

मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा पाय 1981 च्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या भरतनाट्यमच्या मंचावर परतल्या त्या 1984 मध्ये. पाऊल तेच होतं जे हजारो लोक चालण्यासाठी वापरत होते. मधली वर्षं सरावाची होती. मुंबईच्याच मानसी जोशी यांचा पाय 2011 च्या रस्ता अपघातात गेला, आणि 2019 मध्ये बासेलला त्या पॅरा-बॅडमिंटनच्या जगज्जेत्या झाल्या. त्यांच्या एसएल-3 गटात, म्हणजे पायाचं अपंगत्व असलेल्यांच्या एका गटात, एकेरीचा सामना अर्ध्या कोर्टवर खेळतात. यंत्राने अमानवी ताकद येत असती तर कोर्ट अर्धं करावं लागलं नसतं.

ही ताकद घडते ती अशी: शस्त्रक्रियेनंतर दिवसातून दोनदा वीस-तीस मिनिटं पालथं झोपणं, म्हणजे खुब्याचा सांधा वाकून आखडत नाही. गुडघ्याखाली उशी न ठेवणं, कितीही बरं वाटलं तरी. स्टंपला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी, खाली घट्ट आणि वर सैल. गोल गुंडाळली तर टोक सुजतं. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम, कारण खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर राहिला की चाल झुलते. आखडलेल्या खुब्यावर कितीही महाग पाय नीट जुळत नाही.

हात-पाय गेला तरी घाबरायचं कारण नाही

यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हे. तुटलेला हात किंवा बोट बऱ्याचदा परत जोडता येतं, आणि ‘आता कृत्रिम मिळतो’ असं म्हणत घालवलेला वेळ भरून येत नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, सलाईनने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ थेट लागू देऊ नका, भाग पाण्यात बुडवू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका. 108 ला फोन करा आणि मायक्रोसर्जरी (सूक्ष्मदर्शकाखाली नसा-रक्तवाहिन्या जोडणं) करणारा प्लास्टिक सर्जन असलेल्या रुग्णालयाला निघतानाच कळवा. मनगटाच्या वर तुटलेल्या भागात स्नायू जास्त असतो, त्याला थंड न ठेवता साधारण सहा तासच मिळतात; बोटाला बारापर्यंत. भाग चिरडलेला दिसला तरी फेकू नका, सोबत न्या. जोडता येईल की नाही हे सर्जन बघून ठरवतो.

पाय कापावाच लागणार असेल, तर शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनना एकच विचारा: गुडघा वाचवता येईल का? जखम न भरण्याचा धोका नसेल तर गुडघा राखलेला स्टंप आणि साधं पाऊल, हे गुडघ्याच्या वर कापल्यावर लावायच्या कुठल्याही महाग यंत्रापेक्षा चालायला सोपं जातं.