एचएफईचा आकडा दिसला म्हणजे ट्रान्झिस्टर धड आहे, असं नाही

पुण्यातल्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. घरी फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारी पायाखालची पेटी) बनवताना खराब ट्रान्झिस्टर कसा टाळायचा, याचे त्यात चार नियम दिलेत. मल्टीमीटरने एचएफईचा (म्हणजे गेनचा, ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो त्याचा) आकडा दाखवला की ट्रान्झिस्टर चांगला. मीटरच्या डायोड टेस्टला दोन्ही जंक्शन (ट्रान्झिस्टरच्या आतले जोड) बरोबर आली की तो ठणठणीत. जुन्या रेडिओतला माल खराबच, नवा ऑनलाइन मागवा. आणि उष्णतेने ट्रान्झिस्टर जळतो, म्हणून सगळ्यात कमी वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. हे नियम पाळले तर लीकेजवाला, म्हणजे नको तो करंट गळणारा ट्रान्झिस्टर पेडलमध्ये जाईल आणि चांगला कचऱ्यात. सिलिकॉनऐवजी जर्मेनियमपासून बनवलेले जुने ट्रान्झिस्टर असे फुकट जाताना बघून मला वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला नियम सिलिकॉनपुरता ठीक आहे. जर्मेनियमला तो लावला की फसगत ठरलेली. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर असे तीन पाय असतात. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये बेसला काहीही जोडलेलं नसतानाही कलेक्टरमधून थोडा करंट वाहत राहतो, तेच लीकेज. साध्या मल्टीमीटरची एचएफई खोबण बेसला साधारण १० मायक्रोअँपिअर देते आणि कलेक्टरमधून जे येईल ते सगळं गेन म्हणून मोजते. समजा खरा गेन ६० आणि लीकेज १ मिलिअँपिअर आहे. मीटर १६० दाखवेल, आणि तुम्ही खूश होऊन तोच बोर्डवर लावाल. १९६६ साली लंडनच्या आर्बिटरने आणलेल्या फझ फेसचं सर्किट घ्या. त्यात पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ किलोओहमचा रेझिस्टर आहे, म्हणजे ९ व्होल्टवर तिथून जेमतेम पाव मिलिअँपिअर जातो. तिथे १ मिलिअँपिअर लीकेजचा ट्रान्झिस्टर बसवला तर त्याचं बायसिंग (कामासाठी योग्य व्होल्टेजवर बसवणं) जमणारच नाही.

लीकेज आणि खरा गेन मोजायची रीत सोपी आहे. ९ व्होल्टची बॅटरी, २.२ मेगाओहम आणि २.४ किलोओहमचे दोन रेझिस्टर, आणि ब्रेडबोर्ड. एसी १२८ सारखा पीएनपी प्रकारचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असेल तर एमिटर बॅटरीच्या प्लसला, कलेक्टर २.४ किलोओहममधून मायनसला. बेस मोकळा ठेवा आणि त्या २.४ किलोओहमवरचा व्होल्टेज वाचा. ०.४८ आला तर लीकेज २०० मायक्रोअँपिअर; फझसाठी चालून जाईल. मग बेस २.२ मेगाओहममधून मायनसला जोडा. आता १.४ दिसलं तर फरक ०.९२ व्होल्टचा. बेसला ४ मायक्रोअँपिअर मिळतायत, म्हणजे खरा गेन साधारण ९५. फझ फेसमध्ये पहिल्या जागी ७०-८० आणि दुसऱ्या जागी ११०-१३० गेनचा ट्रान्झिस्टर छान बसतो.

आकडा वाचायची घाई मात्र करू नका. बोटात धरलेला ट्रान्झिस्टर ब्रेडबोर्डवर खोचला की पहिली दोन-चार मिनिटं आकडा हळूहळू उतरत राहतो, कारण हाताची ऊब पुरते. तापमान १० अंशांनी वाढलं की लीकेज साधारण दुप्पट होतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३८ असतात. या दोन वेळांत तोच ट्रान्झिस्टर पाच-सहा पट लीकेज दाखवेल. उन्हाळ्यात उघड्यावर वाजवायचं असेल तर लीकेज कमीत कमी असलेलाच निवडा.

डायोड टेस्टचा नियमही अर्धाच खरा. त्या टेस्टने तुटलेलं किंवा शॉर्ट झालेलं जंक्शन कळतं, बाकी काही नाही. बीसी ५४७ या सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच्या रेटिंगचं असतं. प्रयोग करताना ९ व्होल्ट चुकून तिथे उलटे पडले तर ट्रान्झिस्टर मरत नाही, पण त्याचा गेन उतरतो आणि नॉइज वाढतो, कायमचा. डायोड टेस्टमध्ये तो तरीही पास होतो. दुसरीकडे, जर्मेनियमचं जंक्शन ०.२-०.३ व्होल्टच दाखवतं. सिलिकॉनच्या ०.६ ची सवय असलेली मुलं ते शॉर्ट समजून फेकून देतात!

तिसऱ्या नियमात थोडं तथ्य आहे. एएफ ११४ ते ११७ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या मालिकेत धातूच्या टोपीच्या आत कथिलाचे बारीक केस वाढतात आणि पाय टोपीला शॉर्ट होतात. जुन्या रेडिओत हे सापडले तर जपून. पण त्याच रेडिओच्या आउटपुटला बसवलेले बेलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) एसी १२८ किंवा एसी १८८ बहुतेकदा उत्तम असतात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात बंद रेडिओ दिसला तर मागचं झाकण उघडून बघाच. उलट ऑनलाइन स्वस्तात मिळणारा जे २०१ हा जेफेट (वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर) संशयास्पद. त्याचं पायवालं पॅकेज मूळ कंपन्यांनी बंद केलंय, आणि दुसराच जेफेट त्या नावाने खपवला जातो. जर्मेनियम म्हणून आलेला ट्रान्झिस्टर डायोड टेस्टला ०.६ दाखवत असेल तर तो सिलिकॉन आहे, परत पाठवा.

आणि आयर्न. कमी वॉटचं आयर्न जॉइंट तापवायला जास्त वेळ घेतं, तेवढा वेळ उष्णता पायातून वर चढत राहते. २५ वॉटचं चांगलं तापलेलं आयर्न, दोन-तीन सेकंदांचा स्पर्श, आणि जर्मेनियम असेल तर उष्णता शोषायला पायाला मगर क्लिप. त्याहून बरं म्हणजे सॉकेट सोल्डर करा आणि ट्रान्झिस्टर नंतर खोचा.

खोचताना पाय तपासा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ चा क्रम डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर, टूएन ३९०४ चा बरोबर उलटा. उलटा बसलेला ट्रान्झिस्टरही थोडाफार चालतो, पण गेन अगदी कमी मिळतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून आणलेला माल डुप्लिकेट निघाला अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच विचारतो: उलटा लावून पाहिलात का?