उचलेगिरी कशाला म्हणायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. कला आणि निसर्गावरून सुचलेल्या कपड्यांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा नुसताच राग आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या कलावस्तूंवरून, झाडाफुलांवरून कपडे बेतणं ही उचलेगिरी, ‘प्रेरणा’ हे तिचं गोंडस नाव. शिवाय राबणारे हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचं.

पहिल्या मुद्द्यावर मी भांडणार आहे. फॅशन डिझायनर चार्ल्स जेम्सचा १९५३चा ‘क्लोव्हर लीफ’ गाऊन बघा. त्यावर पान कुठेही काढलेलं नाही. घेरालाच चार पाळ्या आहेत. वरून पाहिलं तरच क्लोव्हर या छोट्या वनस्पतीचं चार दलांचं पान दिसतं. तो आकार तोलून धरायला आत थरावर थर आहेत. इथे निसर्गाचं चित्र घेतलेलं नाही, घडण घेतली आहे.

डिझायनर फॉर्च्युनीच्या चुण्यांच्या रेशमी ‘डेल्फॉस’ गाऊनचंही तेच. नाव आलं ग्रीसमधल्या डेल्फीच्या, ब्राँझच्या सारथ्याच्या प्राचीन मूर्तीवरून. त्या मूर्तीच्या अंगरख्याच्या उभ्या चुण्या धातूत थिजलेल्या. रेशमात उतरल्यावर त्या अंगाबरोबर उघडायला-मिटायला लागल्या. रेशीम इतकं हलकं की ते नीट पडावं म्हणून कडांना व्हेनिसजवळच्या मुरानोच्या काचेचे मणी लावत. आणि हा गाऊन ठेवताना घडी घालायची नाही, पिळून वेटोळं करायचं! (हे मला भलतंच आवडतं.)

फ्रेंच डिझायनर इव्ह सँ लोराँच्या १९८८च्या आयरिस जाकिटाबाबत मात्र तुमचं निम्मं पटतं. चित्रकार व्हॅन गॉगच्या चित्रातली आयरिसची फुलं तिथे सरळ जाकिटावर आली आहेत. टिकल्या आणि मण्यांनी ब्रशचे फटकारे उभे करणं थक्क करणारं आहे, तरी मला ते अंगावर चढवलेलं चित्रच वाटतं.

आता दुसरा मुद्दा. इथे मी चुकलो. त्या आयरिस जाकिटाचं भरतकाम लेसाज या पॅरिसमधल्या भरतकामाच्या कार्यशाळेच्या कारागिरांनी केलं, एकेका जाकिटाला सुमारे ६०० तास लागले, आणि माझ्या लेखात त्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. डेल्फॉसबाबत तर चूक जास्त लाजिरवाणी. १९०९च्या पेटंटच्या कागदावर फॉर्च्युनीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की ही कल्पना आँरिएतची, म्हणजे त्याच्या सहचारिणीची. त्याने कबूल केलं, मी गाळलं.

लेखातली ती वाक्यं आज बदलली आहेत. ‘उचलेगिरी’ हा शब्द मात्र मागे घ्या. नाहीतर जेम्सच्या गाऊनवर एक पान काढलेलं दाखवा, मग बोलू.