‘टॉप गर्ल्स’मधल्या सगळ्याच पाहुण्या इतिहासातल्या नाहीत

कॅरिल चर्चिलच्या ‘टॉप गर्ल्स’ (लंडन, १९८२) या नाटकाबद्दल एक विधान फिरतंय: नायिका मार्लीनच्या मेजवानीला येणाऱ्या पाचही जणी खरोखर होऊन गेल्या. तसं नाही. प्रवासी इझाबेला बर्ड आणि जपानी दरबारातल्या लेडी निजो, दोघीच इतिहासातल्या. पोप जोन आख्यायिकेतली, ग्रिसेल्डा कथेतली. आणि डल ग्रेट तर थेट चित्रकार ब्रॉयगलच्या १५६३च्या चित्रातून उठून आलीय (चित्र अँटवर्पच्या संग्रहालयात आहे): चिलखत, एप्रन, सोबत बायकांची झुंड, समोर नरक. जेवताना ती ‘बटाटे’, ‘केक’ असं एखाददुसरा शब्दच बोलते. मग एकदम, सैनिकांनी मारलेली पोरं आणि शेजारणींना घेऊन सैतानांवर केलेला हल्ला! माझ्या मते नाटकाचं सगळ्यात जहाल स्वगत हेच. तिचं चरित्र मात्र शोधू नका, मिळणार नाही.